नेल्ज्या

रायपूरच्या तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत चारुदत्त घाट्यांना लहानथोर सगळे रशियनकाका म्हणत. घराणं भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून रायपुरात आलेलं. वडील कचेरीत कारकून होते, थोरल्या भावाने वकिली केली आणि या धाकट्याने विसाव्या वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यात दुभाष्याची नोकरी धरली. येणाऱ्याजाणाऱ्या रशियन इंजिनिअरांच्या सोबत राहून चारुदत्तांची रशियन इतकी सफाईदार झाली, की फोनवर समोरच्याला ते आपल्याच गावचे वाटत.

हे काम त्यांना नाना नावाच्या एका जुन्या दुभाष्याने शिकवलं होतं. नाना म्हणत, "आपण दोघाइच्या मधली गादी आहो, बाबू. इकडून आपटो का तिकडून, आवाज व्हाले नको." चारुदत्तांनी ते जन्मभर पाळलं. रशियन साहेब तापून म्हणे, या गाढवाला साधा नट पिळता येत नाही. चारुदत्त सांगत, साहेब म्हणतात, एकदा पुन्हा तपासून घेऊ. इकडचा मुकादम शिवी हासडे. तिकडे पोचे की आमच्या माणसांना थोडा वेळ हवा आहे. भांडणं जागच्या जागी विझत, काम पुढे सरकत राही, आणि निरोपसमारंभात दोन्हीकडचे लोक चारुदत्तांना मिठ्या मारत. आपल्या जिभेपायी कधी काही अडलं नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता.

निवृत्तीनंतर वर्षभराने त्यांना नव्या रायपुरातून बोलावणं आलं. राज्याची नवी राजधानी तेव्हा उभी राहत होती. सहापदरी रस्ते झाले होते, पण त्यांवर गाड्या नव्हत्या. काचेच्या इमारती होत्या आणि दोन इमारतींच्या मध्ये धानाची शेतं. अशाच एका इमारतीत भारत आणि रशियाच्या भागीदारीतला 'वनदृष्टी' प्रकल्प सुरू झाला होता. माणसाशिवाय उडणारी छोटी विमानं बांधायची, त्यांवर उष्णता ओळखणारे कॅमेरे बसवायचे आणि जंगलातला वणवा किंवा वस्तीकडे वळलेला हत्तींचा कळप वरून हेरायचा, असं ते काम. विमानं आणि बॅटऱ्या त्यांच्या, कॅमेऱ्यातलं चित्र वाचणारा प्रोग्राम आपला. करारात आणखी एक कलम होतं: दोन्ही देशांनी मिळून रशियनचं हिंदी करणारं यंत्रही तयार करावं. त्यासाठी प्रकल्पातलं सगळं बोलणं रेकॉर्ड होई. निधी नावाच्या नव्या इंजिनिअर मुलीकडे ते काम होतं. तिने खोल्याखोल्यांतून छोटे रेकॉर्डर ठेवून दिले होते, त्यांतलं बोलणं आपोआप संगणकात साठे, आणि दोन दिवसांत लोक ते विसरूनही गेले होते.

रशियाकडून आलेले मुख्य तज्ज्ञ गेन्नादी पावलोविच साठीचे होते. उंच, पाठीत वाकलेले, बोलायला मोजके. इंग्रजीची त्यांना गोडी नव्हती. सगळा कारभार चारुदत्तांच्या तोंडून चाले. रविवारी ते तात्यापाऱ्यात जेवायला येत. चारुदत्तांच्या पत्नी गोदावरीबाई कोथिंबिरीची सांबारवडी करत, आणि गेन्नादी पावलोविच मराठीतला 'पुरे' हा एकच शब्द शिकले होते, तोही तिसऱ्यांदा ताट भरल्यावर वापरत. चारुदत्तांना ते 'चारू' म्हणत. या वयात नवा मित्र मिळतो, याचं चारुदत्तांना फार नवल वाटे.

गेन्नादींच्या जवळचा दुसरा माणूस यज्ञेश्वर डोंगरे. गोंदियाकडचं रेल्वेतलं कुटुंब, वय चाळिशीच्या पुढे, बॅटऱ्यांची खोली त्याच्या ताब्यात. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नसे, पण हाताने खुणा करत दोघं तासन्‌तास एका विमानावर वाकलेले दिसत.

दोन हजार सतराच्या एप्रिलमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी दिल्ली आणि मॉस्कोहून पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर विमान उडवून दाखवायचं आणि प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यावर सह्या व्हायच्या. आदल्या दिवशीच्या चाचणीत विमान जरा जोरात जमिनीवर टेकलं होतं. त्याची बॅटरी दुपारी गेन्नादी पावलोविचांनी हातात घेतली, उन्हाकडे धरून तिची जराशी फुगलेली बाजू अंगठ्याने दाबून पाहिली, आणि संचालक हरिदास साहेबांना बोलावून घेतलं. यज्ञेश्वर तेव्हा बाहेर धावपट्टी आखायला गेला होता. खोलीत तिघंच होते.

गेन्नादी पावलोविच तीन वाक्यं बोलले. "ही बॅटरी चार्ज करायची नाही. हिला इमारतीच्या बाहेर न्या. मी हिची जबाबदारी घेणार नाही." पहिल्या वाक्याच्या शेवटी त्यांनी 'नेल्ज्या' हा शब्द वापरला होता. रशियनमध्ये हा शब्द रेल्वेच्या फाटकासारखा आहे. तो पडला की पलीकडे जायचं नाही.

"क्या कह रहे हैं?" हरिदास साहेबांनी विचारलं. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. दुसरी बॅटरी मुंबईला कस्टममध्ये अडकली होती. सकाळपासून दिल्लीचे फोन झेलून त्यांचा आवाज चिरका झाला होता.

चारुदत्तांनी दोघांकडे पाहिलं. एक चिडलेला, एक टेकीला आलेला. चाळीस वर्षांच्या सवयीने गादी आपोआप मध्ये आली.

"कह रहे हैं, बैटरी थोड़ी गरम है. अभी चार्ज न करें तो अच्छा."

"बस इतना ही? तो घंटाभर आराम दे देंगे," हरिदास साहेब म्हणाले आणि मान डोलावून निघून गेले.

"समजलं त्यांना?" गेन्नादी पावलोविचांनी रशियनमध्ये विचारलं.

"समजलं," चारुदत्त म्हणाले.

मॉस्कोशी बोलणं ठरलेलं असल्यामुळे गेन्नादी पावलोविच वरच्या मजल्यावर गेले. चारुदत्तांनाही सोबत जावं लागलं. तासाभराने संचालकांच्या सांगण्यावरून यज्ञेश्वरने बॅटरी चार्जिंगला लावली. दिवेलागणीच्या सुमाराला खालून फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज आला. धूर दिसताच यज्ञेश्वर तार ओढायला आत धावला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा चेहरा डाव्या बाजूने भाजला होता आणि उजवा हात काळा पडला होता. डावा डोळा गेला. उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली.

दोन्ही देशांनी मिळून चौकशी समिती नेमली. प्रश्न एकच होता: तज्ज्ञाने ताकीद दिली होती का? गेन्नादी पावलोविच म्हणाले, मी नेल्ज्या म्हटलं होतं. हरिदास साहेब म्हणाले, माझ्यापर्यंत सल्ला पोचला, मनाई नाही. मग सगळ्यांनी दुभाष्याकडे पाहिलं.

त्या आधीच्या तीन रात्री चारुदत्तांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलंही होतं. पण समितीच्या खोलीबाहेर यज्ञेश्वरची बायको मीरा बाकावर बसली होती. ती त्यांना पाहून उठली आणि म्हणाली, "काका, तुम्ही होते म्हून बरं झालं. तुम्ही तरी खरं सांगसान." त्या एका वाक्याने त्यांचं अवसान गळालं. खरं सांगितलं तर दार उघडून हिच्याच समोरून जायचं होतं. गेन्नादी काय, आज ना उद्या आपल्या देशी परतणार. मला तर इथेच मरायचं आहे, असा हिशोब त्यांनी उभ्या उभ्या मांडला.

"ते 'नेल्ज्या' म्हणाले नव्हते," चारुदत्तांनी समितीला सांगितलं, आधी हिंदीत आणि मग रशियनमध्ये. "'नको केलेलं बरं', असं म्हणाले होते."

गेन्नादी पावलोविचांनी टेबलावरची नजर वर केली. रागावले नाहीत. रस्ता चुकलेला माणूस पाटी वाचतो तसं त्यांनी चारुदत्तांकडे पाहिलं.

खापर गेन्नादी पावलोविचांवर फुटलं. धोका दिसत असून स्पष्ट बजावलं नाही, असा अहवाल झाला. पुढच्या टप्प्यावर सह्या झाल्याच नाहीत. रायपूरच्या माना विमानतळावर त्यांना सोडायला चारुदत्त गेले, कारण गेले नसते तर लोकांनी विचारलं असतं. आत जाताना गेन्नादी पावलोविच थांबले आणि हळूच म्हणाले, "चारू, खरं सांग, मी काय म्हटलं होतं?"

तो टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती.

"तुम्ही त्या दिवशी फार थकला होता, गेन्नादी पावलोविच," चारुदत्त म्हणाले.

रेकॉर्डरची आठवण समितीत कुणाला झाली नाही. निधी आईच्या ऑपरेशनसाठी बिलासपूरला गेलेली होती, आणि प्रकल्प बंद पडल्यावर सगळे संगणक सीलबंद झाले. आठवण फक्त चारुदत्तांना झाली होती. त्यांनी ती मनातच दाबून टाकली.

सात वर्षं गेली. नव्या रायपुरात रस्त्यांवर गाड्या आल्या, संगणकाच्या कंपन्या आल्या. त्यांतल्या एकीत निधी मोठ्या हुद्द्यावर होती. दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन तात्यापाऱ्यात आली. गोदावरीबाईंनी चिवडा पुढे केला. निधीचं कुटुंब मराठीच, पण ती सुरू करे मराठीत आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीवर घसरे.

"काका, तुमची मदत पाहिजे. वो पुराना ट्रान्सलेशन का काम फिर से चालू हुआ है. जुनी सगळी रेकॉर्डिंग मिळाली. नया सॉफ्टवेअर बहुत अच्छा है, पर एक जगह गडबड कर रहा है."

तिने बटण दाबलं. आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग गेन्नादी पावलोविचांचा आवाज. पडद्यावर हिंदी अक्षरं उमटत गेली: इस बैटरी को चार्ज करना मना है. इसे बाहर ले जाइए. मैं इसकी ज़िम्मेदारी नहीं लूँगा.

मग चारुदत्तांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू आला. मऊ, समजूतदार, खात्रीचा.

"देखिए," निधी म्हणाली, "तुम्ही चौकशीत सांगितलं होतं, त्यांनी 'नको केलेलं बरं' म्हटलं. ये हर बार 'मना है' दिखाता है. रेकॉर्डिंग जुनी आहे, पंख्याचा आवाज आहे. आप इधर 'ग़लत' पे टच करके सही शब्द बोल दीजिए, तो ये सीख जाएगा. फिर आगे ग़लती नहीं करेगा."

तिच्या मनात संशयाचा लवलेश नव्हता. यंत्रापेक्षा तिचा विश्वास रशियनकाकांवर होता. चारुदत्तांचं बोट पडद्याजवळ गेलंही. एकदा टेकवलं की मिटलं असतं. आणि मग ते यंत्र जिथे जिथे जाईल तिथे, अनोळखी कारखान्यांत, कुठल्या कुठल्या लोकांच्या मधे उभं राहून, चारुदत्त घाट्यांची थाप सांगत राहिलं असतं.

"मशीन बरोबर आहे, पोरी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तो नेल्ज्या म्हणाला होता. मी नाही सांगितलं. अन् मग चौकशीत खोटं बोललो."

गोदावरीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. निधीने त्यांच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप मिटला.

"काहून?" गोदावरीबाईंनी विचारलं.

या प्रश्नाला द्यायला चारुदत्तांकडे सात वर्षांत घोटून तयार केलेली चारपाच उत्तरं होती. त्यांतलं एकही न सांगता त्यांनी लॅपटॉप निधीकडे सरकवला.

जाताना निधी एवढंच म्हणाली, "यज्ञेश्वर भैया पंडरीमध्ये असतात. आप बताएँगे या मैं बताऊँ?"

"मी सांगतो. अन् गेन्नादीचा नंबर मिळतो का पाह्य."

पंडरीच्या कापडबाजारात एका ठोक दुकानात यज्ञेश्वर फोनवर ऑर्डर घेण्याच्या कामाला होता. चारुदत्त गेले तेव्हा दुपारची सुस्ती होती. साड्यांच्या गठ्ठ्यांमागे दोघांपुरती जागा होती. तिथे बसून चारुदत्तांनी सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही.

यज्ञेश्वर ऐकत राहिला. उरलेल्या दोन बोटांनी गादीच्या शिवणीतला एक धागा ओढत राहिला. मग म्हणाला, "सात वर्षं मी त्याले शिव्या देऊन राहिलो, काका. दवाखान्यातून घरी आलो तवा त्याचा फोन आला होता. रडत होता. काय बोलून राहिला ते मले कळे ना, पण रडत होता. मी कट केला. मग दर नव्या सालाले फोन यायचा. मी उचलला नाही."

"माहीत नव्हतं मले."

"तुमाले सांगणार होतो मी. की काका, त्याले त्याच्या भाषेत सांगा, मले फोन करू नको म्हणा." तो थोडं हसला, पण ते हसू नव्हतं. "मागच्या दोन सालापासून येत नाही."

चारुदत्तांना पुढचं सांगणं भाग होतं. निधीने आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं. "तो गेला, यज्ञेश्वर. दोन वर्षं झाली. हार्टनं."

दुकानाच्या पुढच्या भागात मालक कुणाला तरी भाव सांगत होता. यज्ञेश्वरने धागा सोडून दिला.

"मग आता मी कोणाले फोन करू?"

"बायको आहे. लारिसा. नंबर आहे माझ्याजवळ."

"लावा."

"आता?"

"आता लावा. मी बोलतो, तुम्ही सांगा. मी जे म्हणीन तेच सांगा."

तिकडे सकाळ होती. बाईंचा आवाज थकलेला, पण नीट होता. चारुदत्तांनी फोन मधे ठेवला आणि दोघांची ओळख करून दिली. यज्ञेश्वर हळूहळू, वाक्यावाक्याला थांबत बोलू लागला.

"सांगा त्याइले, की तुमच्या नवऱ्यानं बरोबर सांगितलं होतं. चार्ज करू नका म्हून सांगितलं होतं."

चारुदत्तांनी सांगितलं.

"सांगा, की हा माझ्याजवळ बसलेला माणूस खोटं बोलला. आधी साहेबाजवळ, मग चौकशीत. याच्यापायी माझा डोळा गेला अन् तुमच्या नवऱ्याची अब्रू गेली."

चारुदत्तांनी सांगितलं. 'अब्रू'साठी रशियनमध्ये दोन शब्द होते, एक सौम्य आणि एक जड. त्यांनी जड घेतला. 'खोटं'साठीही तसंच केलं.

"अन् सांगा, की मी त्याचा फोन उचलला नाही, त्याची मले माफी पाहिजे."

मग लारिसाबाई बोलल्या. चारुदत्त ऐकत गेले. "काय म्हणून राहिल्या?" यज्ञेश्वरने विचारलं.

"म्हणते, तुमचा काही दोष नाही. म्हणते, शेवटपर्यंत त्याले वाटे की आपणच चुकलो. सकाळी चहा पिताना तिले विचारे, लारिसा, मी खरंच नेल्ज्या म्हटलं असेल का? का म्हातारपणानं माझ्या तोंडून भलतंच निघालं? चारू खोटं बोलणार नाही, म्हणजे मीच विसरत असेन. म्हणून त्यानं काम सोडून दिलं. कुठं बोलावलं तरी जाईना. स्वतःच्या शब्दावर त्याचा भरवसा राहिला नव्हता."

"आणखी?"

चारुदत्तांनी डोळे पुसले. "आणखी म्हणते, सांगितलं ते चांगलं केलं. यज्ञेश्वरनं केव्हाही फोन करावा. पण हा दुभाषी आपल्याले नको, म्हणते. याचा आवाज पुन्हा ऐकायची इच्छा नाही."

यज्ञेश्वरने मान हलवली. फोन बंद झाला. पुढून मालकाने हाक मारली, बिलासपूरच्या पार्टीचा फोन आहे म्हणून. यज्ञेश्वर उठला आणि चारुदत्तांकडे न बघता म्हणाला, "काका, मीराले मी सांगीन. तुम्ही घरी येऊ नका."

चारुदत्तांनी दोन्ही सरकारांना पत्रं लिहिली. समिती केव्हाच विसर्जित झाली होती. दिल्लीहून पोच आली, मॉस्कोहून तीही नाही. हरिदास साहेब निवृत्त होऊन पुण्यात मुलीकडे राहत होते. ते फोनवर एवढंच म्हणाले, "अब क्या फ़ायदा, घाटेजी." तात्यापाऱ्यात गोष्ट पसरली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण रशियनकाका ही हाक कमी झाली. गोदावरीबाई त्यांच्याशी बोलत, वाढत, औषधाची आठवण करत. फक्त रविवारी सांबारवडी त्यांनी पुन्हा केली नाही.

निधीने मात्र त्यांना काम सोडू दिलं नाही. "काका, सगळी रेकॉर्डिंग तुम्हालाच तपासावी लागेल. दुसरं कोणी नाहीये," ती म्हणाली. त्यात दया होती की शिक्षा, ते त्यांना कळलं नाही. ते आठवड्यातून तीनदा बसने नव्या रायपूरला जातात आणि कानाला यंत्र लावून बसतात. मित्राचा आवाज येतो, मागोमाग त्यांचा स्वतःचा. जिथे जिथे त्यांनी शब्द बोथट केला, तिथे ते थांबतात आणि खरा अर्थ लिहितात. अशा जागा त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. कुठे एखादा विनोद गाळलेला, कुठे एखादी शिवी गिळलेली.

माघात एका दुपारी त्यांना एक अशीच जागा सापडली. पहिल्या वर्षीची बैठक होती. गेन्नादी पावलोविच हरिदास साहेबांना सांगत होते, की या यज्ञेश्वरसारखे हात मी चाळीस वर्षांत दोनदाच पाहिले. याला वर्षभर आमच्याकडे शिकायला पाठवा, खर्चाचं मी बघतो, हा परत येऊन तुमचा सगळा विभाग चालवील. बैठक लांबली होती, जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यावर चारुदत्तांचा आवाज म्हणाला होता, "काम से ख़ुश हैं."

त्यांनी ते वाक्य तीनदा ऐकलं. मग कागद घेऊन गेन्नादी पावलोविचांचं सगळं बोलणं मराठीत उतरवलं, शब्दाला शब्द, आणि निधीच्या हातून पंडरीला पाठवलं. संध्याकाळी निधीने सांगितलं, यज्ञेश्वरने कागद उभ्यानेच वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. चारुदत्तांनी पुन्हा कानाला यंत्र लावलं आणि पुढची रेकॉर्डिंग सुरू केली.